काचबाबाची नखी

रांग फर्निचरच्या दुकानाच्या जिन्यावरून सुरू व्हायची, रस्त्यावर उतरायची, औषधांचं दुकान, कुलूपवाला, न्हावी असं करत कोपऱ्यावर वळायची आणि पुढं कुठं जायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकदा शेवटचा माणूस शोधायला निघालो. चालून चालून चपलेचा अंगठा तुटला, तरी शेवट सापडेना. परत आलो तेव्हा उलगडा झाला. शेवटचा माणूस कंटाळून पहिल्याच्या पुढं घुसला होता आणि सगळी रांग नुसती गोल गोल फिरत होती. खोटं वाटत असेल तर न्हाव्याला विचारा. तो माझ्यापेक्षा मोठा थापाड्या आहे, पण एवढ्याला तोही हो म्हणेल.

मी शिंप्याच्या दुकानातल्या बाकावर बसून ही मौज बघायचो. दुकान बरोबर त्या जिन्यासमोर. वरून मधूनच किंकाळी यायची, "दिसली! दिसली!" आणि रांगेतल्या माणसांच्या अंगावर काटा यायचा. घाबरून नव्हे, घाईनं. आपली कधी दिसतेय, म्हणून.

पहिल्या आठवड्यात औषधवाला जिना उतरून आला. शिकलेला माणूस, भिंतीवर पदवीची चौकट लावलेली. चेहरा चुन्यासारखा.

"काय दिसलं हो?" मी विचारलं.

"नखी."

"म्हणजे?"

"काळी. केसाळ. तंगडीसारखी वाकडी आणि टोकाला आकडा. माझ्या रक्तात, काका! गेल्याच महिन्यात सगळ्या तपासण्या करून घेतल्यात मी. एकाही रिपोर्टात नाही."

"मग रिपोर्ट खरा असेल."

"डोळ्यांनी बघितलं मी! मायक्रोस्कोपमधून! आता मायक्रोस्कोप खोटं बोलेल का?"

इथंच तर गंमत होती. आजवर गावात आलेले सगळे बाबा राख, पाणी, फुंकर असल्या मालावर धंदा करून गेले. त्यांना शिकलेली माणसं हसायची. हा बाबा शिकलेल्यांसाठीच आला होता. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, टेबलावर पितळेचा जुना सूक्ष्मदर्शक आणि शेजारी काचपट्ट्यांचे डबे. प्रयोगशाळेत वापरतात त्याच पट्ट्या, बोटाएवढ्या लांब, पातळ, कडा घासलेल्या. गाव त्याला काचबाबा म्हणू लागलं आणि त्यालाही ते आवडलं.

"मी जादू करत नाही," तो म्हणायचा. आवाज असा की कानात मध ओतावा आणि वर मुंग्या सोडाव्यात. "मी विज्ञान करतो. विज्ञान जिथं थकून बसतं, तिथून मी उठतो! डॉक्टर बोलतो, रिपोर्ट बोलतो. रक्त बोलत नाही, रक्त दिसतं! बघा आणि ओळखा, पिढ्यान् पिढ्या तुमचं रक्त कोण पितंय!"

पद्धत ठरलेली. जिन्याच्या तोंडाशी चेला बोट टोचायचा आणि थेंब काचपट्टीवर घ्यायचा. बाबा ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा. मग हुकूम सुटायचा, "हात मागे बांधा. श्वास रोखा. यंत्राला स्पर्श नको. तुमची नखी यंत्रात शिरली तर मागच्या माणसाचं काय होईल?" एरवी रांगेत कोपरानं बरगडी फोडणारी माणसं मागच्याच्या काळजीनं हात मागे बांधून वाकायची आणि त्यांना नखी दिसायची. प्रत्येकाला. लहान, थोर, धडधाकट, आजारी, कुणी सुटलं नाही.

मग उपाय. दोन काचपट्ट्यांमध्ये तुमचाच थेंब दाबायचा, कडेनं मेण लावायचं आणि ती 'सिद्ध काच' दिवसरात्र छातीशी बाळगायची. काच फुटली तर समजा, आतून नखीनं धडक दिली, नवी घ्या. नाही फुटली तर समजा, नखी आत अडकलीय, जोडीला दुसरी घ्या. शिवाय घरातली सगळी औषधं आणून बाबाच्या बरणीत टाकायची, कारण औषधाच्या वासानं नखी पिसाळते. हे सगळं पार पडलं की बाबा यंत्राची वरची नळी, म्हणजे आपण जिथं डोळा लावतो ती नेत्रिका, सगळ्यांच्या देखत काढायचा. मखमलीच्या डबीतली दुसरी बसवायचा. "तो उग्र डोळा होता, हा शांत डोळा. आता बघा." माणूस बघायचा. नखी गायब! वरून पुन्हा किंकाळी, "गेली! गेली!"

थोड्याच दिवसांत गाव चालताना किणकिणू लागलं. दोन मित्रांनी मिठी मारली की काचा फुटायच्या. न्हावी गिऱ्हाइकाच्या छातीवर फडकं टाकण्याआधी विचारायचा, "आत काच आहे का?" आणि काच ठेवायची तर सदऱ्याला आतून खिसा हवा. ते खिसे शिवायला शिंप्याकडे एवढी झुंबड, की त्याला जेवायला फुरसत नाही.

"काका, चांगल्या माणसाला नावं ठेवू नका," तो मला दोरा दातानं तोडत म्हणायचा. "अख्ख्या गावाच्या नखीला घर शिवून देतोय मी."

"तुझी झाली का तपासणी?"

"माझी झाली. उद्या हिची."

हिची म्हणजे त्याच्या बायकोची. ती मशीनच्या मागे बसून काजं करायची. बोलायला फटकळ आणि हसायला लागली की मशीनचा आवाज ऐकू येऊ नये. पण त्या वर्षी ती खोकत होती. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी झाली, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी ताप उतरला, भूक लागली, हसूही परत आलं. रोज दुपारी ती पाण्याचा तांब्या घ्यायची, गोळी तोंडात टाकायची आणि मला म्हणायची, "काका, घोड्याची गोळी आहे ही. एक दिवस खिंकाळणार मी."

काचबाबाकडे जाऊन आली त्या दुपारी तांब्या तसाच झाकलेला राहिला.

"गोळी?" मी विचारलं.

"बरणीत टाकली."

"सगळ्या?"

"सगळ्या." ती खाली मान घालून काज करत होती. "काका, तुम्हाला सांगायला लाज वाटते. गोळ्या सुरू झाल्यापासून लघवी केशरी होते. रक्तासारखी. मी कुणाला बोलले नाही. आणि त्या माणसानं माझ्या गोळ्या बघताच विचारलं, 'बाई, पाणी रंगीत जातं ना? नखी जळतेय. गोळ्या अशाच घेतल्या तर ती आतून फाडेल.' त्याला कसं कळलं सांगा!"

मला काय कळणार? मी तिथून उठलो आणि तडक ताईकडे गेलो. ताई माझी थोरली बहीण. सारं गाव तिला बाई म्हणतं, कारण निम्म्या गावाला तिनं शाळेत शास्त्र शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्याला ते येत नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलंय.

"केशरी होणारच," ताई म्हणाली. "त्या गोळीचा रंगच उतरतो. दवाखान्यात सांगतात की."

"शिंप्याला सांगितलं असेल."

"म्हणजे लघवी हिची आणि माहिती नवऱ्याला!" ताईनं चष्मा काढून टेबलावर आपटला. "आणि शिंपी विसरला. आणि टीबीच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकीला तो भामटा हेच विचारणार. अरे, या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग उलटतो. मग त्याच गोळ्यांना दाद देईलच असं नाही. मरेल ती!"

"मी बघून येऊ?"

"बघून काय येणार? तू थापा सांगून येशील."

गेलो तरीही. पण बोट टोचून घ्यायला मी काही शिंप्याची सुया खोचायची उशी नव्हे. खानावळीत टेबलावर टोमॅटो सॉसची बाटली असते, त्यातला थेंब बोटावर घेतला आणि चेल्याला म्हणालो, "घरूनच टोचून आलोय." चेला गर्दीनं बेजार. त्यानं तो थेंब पट्टीवर घेतला. बाबानं पट्टी लावली. मी हात मागे बांधून वाकलो आणि काय सांगू, नखी! तीच काळी, केसाळ, आकड्याची.

"आजोबांच्या वेळेपासून आहे," बाबा गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या घराण्याला आंबट स्वभावाचा शाप आहे."

एवढं एक वाक्य त्याचं खरं निघालं.

खाली येऊन मी रांगेला ओरडून सांगितलं, "अरे, टोमॅटोच्या सॉसला नखी आहे!" रांग खो खो हसली. "काकांची नवी थाप!" न्हावी म्हणाला, "काका, परवा म्हणालात की तुमची मांजर पेपर वाचते." जन्मभर थापा मारल्या तेव्हा लोक टाळ्या देत होते. एकदा खरं बोललो तर कुणी रांगेतलं पाऊल हलवेना.

ताई मात्र हसली नाही. तिनं एकच विचारलं, "काच हलवून बघितलीस?"

"हात मागे बांधले होते."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"औषधवाल्याचेही? माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा तो," ताई म्हणाली आणि पायात चपला घातल्या.

शिंप्याच्या दुकानात तिनं फार बोलणं केलं नाही. "चल माझ्याबरोबर," ती शिंप्याच्या बायकोला म्हणाली. "तुझी नखी मला दाखव."

"बाई, माझ्या गोळ्या बंद करण्याबद्दल रागावणार असाल तर..."

"रागावणार आहेच. पण नंतर. आधी नखी."

शिंपी कात्री हातात तशीच घेऊन मागून निघाला. मी तर होतोच. बाईंना बघून रांग आपोआप बाजूला झाली. ज्यानं शाळेत त्यांच्या छड्या खाल्ल्या तो अजूनही त्यांना वाट देतो, पोट सुटलं तरी.

वर फर्निचरच्या दालनात न विकलेली कपाटं ओळीनं उभी होती आणि त्यांच्या आरशांतून एकाच्या जागी दहा काचबाबा दिसत होते. टेबलावर ती बरणी. पाण्यात विरघळत चाललेल्या गोळ्या, लाल, पिवळ्या, पांढऱ्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या, कुणाच्या हृदयाच्या.

"या माताजी," बाबा म्हणाला. "आपलीही तपासणी?"

"माझी नको. हिची पुन्हा करा. मला शिकायचंय."

बाबा खूश झाला. शास्त्राची बाई शिकायला आलीय म्हटल्यावर त्यानं खिडकीतून खालची रांगही वर बोलावली. जिना भरला, दार भरलं, औषधवाला सगळ्यांच्या पुढं. थेंब घेतला, पट्टी लावली. शिंप्याची बायको हात मागे बांधून वाकली.

"दिसतेय?" ताईनं विचारलं.

"दिसतेय, बाई."

"नीट सांग. कुठं आहे, कशी आहे? काज बघतेस तशी बघ."

"मधोमध आहे. आकडा डावीकडं वळलाय. मागं सगळं तांबूस आहे. रक्त."

"हं." ताई टेबलाजवळ सरकली आणि एका बोटानं काचपट्टीला हलकेच ढकललं.

"स्पर्श नको!" काचबाबा ओरडला.

"मी काय तुमच्या यंत्राला हात लावला? काचेला लावला. बोल गं, काय झालं?"

"तांबूस सरकलं..." शिंप्याची बायको म्हणाली. "रक्ताची कड आली. आता रक्त संपलं. कोरं दिसतंय."

"आणि नखी?"

तिनं डोळा आणखी जवळ नेला. "आहे की. मधोमध. तिथंच."

"रक्त गेलं आणि नखी राहिली?"

"रक्त गेलं आणि नखी राहिली!"

"अर्थातच!" बाबानं आवाज चढवला. "नखी चतुर आहे! धोका ओळखून तिनं रक्त सोडलं आणि ती काचेत शिरली!"

"बरं." ताईनं काचपट्टी उचलून थेट त्याच्या हातात ठेवली. यंत्राखाली आता काहीच नव्हतं. "आता बघ गं."

"आहे, बाई!"

"म्हणजे आता हवेला नखी झाली," मी म्हणालो. "हवेचे आजोबा कोण ते विचारा."

मागं कुणीतरी खुसखुसलं. बाबा यंत्राकडे झेपावला. शिंपी कात्री घेऊन दोघांच्या मध्ये उभा राहिला. कापड कापायची कात्री, पण लांब असते.

"नळीवरचा डोळा हलवू नकोस," ताईनं तिला सांगितलं आणि नेत्रिकेला दोन बोटांनी धरून हळूहळू फिरवलं.

"फिरतेय!" शिंप्याची बायको किंचाळली. त्या दालनातली सगळ्यात मोठी किंकाळी होती ती. "बाई, आकडा उजवीकडं आला! आता वर! तुम्ही फिरवता तशी फिरतेय! अहो, ती माझ्यात नाहीच, ती नळीत आहे!"

ताईनं नळी उपसली, तिचं खालचं कडं पिळून उघडलं आणि नखानं खरवडून पांढऱ्या रुमालावर झटकलं. काहीतरी निसटून पडलं. एवढंसं. ज्याला त्याला वाकून बघावं लागलं.

"घरमाशीची तंगडी," ताई म्हणाली. "आत कड्याला गोंदानं चिकटवली होती. तिथं काहीही ठेवलं तरी स्पष्ट दिसतं, खाली रक्त असो, टोमॅटो असो नाहीतर काही नसो. मखमलीच्या डबीतल्या नळीत तंगडी नाही, म्हणून तिथून बघितलं की सगळे बरे. सूक्ष्मदर्शकात काही दिसलं तर पहिली गोष्ट काय करायची?"

ती औषधवाल्याकडे बघत होती. त्याची मान खाली.

"काच हलवायची," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"आधी काच हलवायची. दिसतं ते हललं तर काचेवर आहे. नाही हललं तर यंत्रात आहे."

"पहिल्या दिवसाचा पहिला धडा. तुला येत होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांना येत होता. त्या माणसानं तुम्हाला फसवायला काही केलं नाही रे. फक्त हात मागे बांधा म्हणाला आणि तुम्ही बांधलेत!"

काचबाबाचा दम अजून संपला नव्हता. "ही माशीसुद्धा," तो म्हणाला, "कुणाची तरी पूर्वज असेल!"

"असेल," ताई म्हणाली. "तुमची चौकशी करत होती."

मग जे हसू फुटलं त्यानं कपाटांचे आरसे हलले. मला खरंच वाटलं, आता लोक त्याला बदडणार. पण नाही. ते बरणीकडे धावले. "माझी पांढरी होती!" "माझीही पांढरी!" "अहो, ही हृदयाची का डोकेदुखीची?" औषधवाल्यानं बरणीत हात घातला आणि बाहेर आला तो नुसता रंगीत चिखल. त्या चिखलाकडे बघताना कुणाला हसू आलं नाही. त्या गोंधळात काचबाबा जिन्याकडे सटकला. जिन्याखाली रांग सांभाळायला पोलीस उभा होता. ताईनं वरूनच बाबाला धरायला सांगितलं तेव्हा पोलीस पुढं झेपावला आणि त्याच्या गणवेशाच्या आतून किणकिण ऐकू आली. बिचाऱ्यानं आधी स्वतःची काच काढून कठड्यावर ठेवली, मग बाबाच्या हातात बेडी घातली.

सगळं गाव शहाणं झालं असं सांगितलं तर ती माझी सगळ्यात मोठी थाप ठरेल. कुलूपवाला अजून काच बाळगतो. "असू दे, काका, काच काही खायला मागत नाही," म्हणतो. एका बाईची पाठदुखी म्हणे काचेनंच थांबली, तिला विचारा. पण शिंप्यानं खिसे शिवणं बंद केलं, आणि पट्ट्यांचे शिल्लक डबे ताईनं शाळेत नेऊन दिले. तिथं आता मुलं त्यांच्यावर कांद्याचा पापुद्रा बघतात.

शिंप्याच्या बायकोला मात्र किंमत मोजावी लागली. गोळ्या तुटल्या होत्या, खोकला परतला होता. दवाखान्यात पुन्हा थुंकी दिली. ताई धरून आम्ही चौघं बाकावर बसलो. शिंपी सारखा कपाळ पुसत होता. तपासनीस बाहेर येऊन म्हणाली, "जंतू आहेत अजून. उपचार पहिल्यापासून सुरू करावा लागेल."

"मला बघायचेत," शिंप्याची बायको म्हणाली.

"काय?"

"जंतू. माझेच आहेत ना?"

तपासनीस आढेवेढे घेत होती. पण ताईनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि तीही कधीतरी ताईच्या वर्गात असणार, कारण तिनं मुकाट्यानं दार उघडलं. शिंप्याची बायको सूक्ष्मदर्शकाशी बसली. हात मांडीवर. मागे नव्हे.

"निळं दिसतंय. त्यात बारीक लाल काड्या. दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या."

"तेच जंतू."

"थांबा," ती म्हणाली. "आधी काच हलवा."

तपासनीसानं काच हलवली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा बाजूला केला आणि माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता, पण आवाज तिचा नेहमीचा होता.

"हलल्या, काका. निळ्याबरोबर सगळ्या हलल्या. म्हणजे खऱ्या आहेत. माझ्याच आहेत." आणि नवऱ्याकडे हात पसरला. "द्या ती घोड्याची गोळी."

तेव्हापासून मी सगळ्यांना एवढंच सांगतो. यात थाप नाही. कुणी काहीही दाखवू दे, कोट पांढरा असो की भगवा, यंत्र पितळेचं असो की सोन्याचं, बघायला जरूर जा. पण तो हात मागे बांधा म्हणाला, की हात पुढे करा आणि आधी काच हलवा. जे खरं आहे ते हलवल्यानं बिघडत नाही. आणि मी सांगितलं म्हणून यावरही विश्वास ठेवू नका. एक माशी धरा, सूक्ष्मदर्शक गाठा, आणि स्वतः करून बघा.